राखेचा स्लॅब

८ एप्रिल
विहाराचा स्लॅब टाकला आज. आणि सिमेंटात काय घातलं? राख! वीज केंद्राची राख! चंद्रपुरात दोरीवरच्या कपड्यांवरून जी झटकून आई थकली, तीच राख पोत्यात भरून इथं नागभीडकडच्या खेड्यात आणली. दर चौथ्या सिमेंट पोत्याच्या जागी ही! ज्योत्स्ना मॅडम इंजिनिअर म्हणे. "राखेचं काँक्रीट हळू पकडते, पण पकडलं का सोडत नाई. चौदा दिवस वरचं पाणी तुटू देऊ नको." मले शिकवते! मी साऱ्यांपुढं म्हटलं, राखेचा स्लॅब गळणारच! भैयाजी मिस्त्री मान हलवते — नंदीबैल!

१० एप्रिल
माझं काम — स्लॅबवर बांधासारखे मातीचे धुरे घालून चौकोनी बांध्या केल्या, धानाच्या असतात तशा. त्या भरत राहायच्या. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. यासाठी बारावीपर्यंत गेलो! शेजारची धुरपताबाई खालून ओरडते, "काऊन रे पोट्या, वरते धानाचा रोवना करतं का?" वरून सांडणारं पाणी तिनं कोथिंबिरीच्या वाफ्यात वळवलं. सांबार हिरवागार. फुकटी!

१३ एप्रिल
पाणी.

१४ एप्रिल
जयंतीच्या मिरवणुकीत प्रफुल भेटला, बल्लारपूरचा दोस्त. गाडीवर कुरखेड्याला चालला. "चलतं का?" चलतो! मॅडम चंद्रपुरात, भैयाजी आठ दिवस दुसऱ्या कामावर. आणि राखेले कसलं पाणी? जळून मेलेली चीज ते! उद्या परत.

२१ एप्रिल
उद्याचे सात दिवस झाले. मोहफुलं, जंगल, प्रफुलच्या मावशीकडचे मासे... बांध्या कोरड्या ठण्ण, धुरे तडकलेले. ऊन चव्वेचाळीस! भरलं पाणी. मॅडमचा फोन — "रोज भरलं ना?" "रोज!" कोणाला कळते?

७ मे
काल सेंट्रिंग काढली. आज पाणी भरून पाहिलं — खालून जागोजागी ठिबकलं! वर भेगांचं जाळं. म्हटलं नव्हतं? सारं गाव आता माझंच बोलून राह्यलं — "राखेचा स्लॅब!" भैयाजीनं पाठ थोपटली, "पोट्या पहिल्याच दिवशी बोलला होता." मॅडम वाकून भेगेवर बोट फिरवत होती. "असं व्हायले नाई पाहिजे होतं..." बघा, शहाणी! उद्या गावाची मीटिंग. शाळेच्या खोल्यांचं कामही तिच्याकडून काढणार.
मजा यायला पाहिजे होती.

८ मे
धुरपताबाईनं अंगणात बोलावलं. वाफा दाखवला. सांबाराच्या वाळल्या काड्या, अजून उपटल्या नव्हत्या.
"जयंतीपासून सात रोज वरून थेंब नाई आला याच्यावर. मीटिंगमंदी तू सांगतं का मी सांगू?"
"मी," म्हटलं.