मधली दोन वर्षं

बाबा,

पहाटेची फज्रची नमाज पढून तुम्ही पुन्हा झोपलात, म्हणून उठवलं नाही. मुलाखत दहाला आहे, पण अब्दूनच्या रस्त्यावर गाड्या तुंबतात, म्हणून लवकर निघते. नाश्त्याला ब्रेड, लबनेचं घट्ट दही आणि झातरचा मसाला टेबलावर झाकून ठेवलाय. प्रेशरची गोळी नाश्त्यानंतर घ्या, आधी नको.

काल माझी मैत्रीण लुजैन फोनवर माझी तयारी करून घेत होती, ते तुम्ही ऐकलंत. "मधली दोन वर्षं नोकरी का नव्हती?" असं तिनं विचारलं आणि मी पाठ केलेलं उत्तर दिलं, की घरबसल्या वेबसाइटची कामं घेत होते. जेवताना तुम्ही एवढंच म्हणालात, "आजारी आईचं केलंस, हे सांगायची लाज वाटते का गं?" मी ताट उचलून उठले.

लाज नाही वाटत, बाबा. मागच्या मुलाखतीत खरं सांगायला गेले आणि चार अनोळखी माणसांसमोर मला रडू आलं. न रडता आईबद्दल बोलायचा सराव मी करणार कुणापाशी? ती गेल्यापासून या घरात आपण दोघं तिचं नावच काढत नाही.

आज खरं तेच सांगणार आहे. कोटाला इस्त्री केलीय, केस घट्ट बांधलेत. आवाजाचं काय होतं ते बघू.

दुपारी येईन. नोकरीचं काय झालं ते विचारा. आणि आई शेवटी काय बोलली, ते तुम्ही अजून विचारलेलं नाही. तेही विचारा.

रुदैना