बिनशिक्क्याचं पिस्तूल

रादोम,
२४ ऑक्टोबर १९९३

प्रिय झेनोनदादा,

तुझं पत्र मिळालं, कॉफीही मिळाली. डबा पोस्टात चेपला होता, पण कॉफी शाबूत. वहिनीला नमस्कार, पोरींना गोड पापा. इथे थंडी सुरू झाली. एक नोव्हेंबरला सर्व संतांचा दिवस, म्हणून आईच्या कबरीवरची पानं झाडून आले आणि शेवंतीच्या कुंड्या सांगून ठेवल्या. यंदा शेवंती महाग आहे, पण आईला पांढरीच लागते, त्याला इलाज नाही.

गावाबाहेरचा आपला भाजीचा तुकडा विकला. बाबांना आता कुदळ धरवत नाही. तिथली अवजारांची छपरी रिकामी करताना, तू लिहिलं होतंस त्याच कोपऱ्यात, फळीखाली, तेलकट फडक्यात गुंडाळलेलं ते पिस्तूल सापडलं.

शिकागोच्या प्रदर्शनात तसंच जर्मन लष्करी पिस्तूल तू काचेत पाहिलंस, त्याला किमतीची चिठ्ठी होती, असं तू लिहिलंस. आणि पुढे, "आपल्याकडच्याची ओळख पटवून घे, किंमत काढ. जर्मनांनी बाबांना कितीला विकत घेतलं होतं, तेवढं तरी कळेल." हे वाक्य सोडून बाकी पत्र मी बाबांना वाचून दाखवलं.

मी तुला बोल लावत नाही. बारा वर्षांचा होतास तेव्हा बाबांना छपरीत ते पिस्तूल पुसताना पाहिलंस, वर जर्मन अक्षरं. शाळेत पोरं 'गद्दाराचं पोर' म्हणून चिडवत होतीच. बेचाळीसच्या त्या ऑक्टोबरात, पिस्तुलाचे भाग चोरून बाहेर नेतात म्हणून जर्मनांनी बंदुकीच्या कारखान्यातली माणसं फाटकासमोर टांगली, आणि तिथेच कामाला असलेले बाबा नेमके त्याच आठवड्यात घरी. लोकांनी काय ते ओळखलं. तूही ओळखलंस. मी तेव्हा जन्मलेच नव्हते, पण मोठी त्याच कुजबुजीत झाले.

तर पिस्तूल बिटांच्या पिशवीत तळाशी घातलं आणि बसने संग्रहालयात गेले. शस्त्रांचं दालन सांभाळणारे लासोता म्हणून आहेत. त्यांनी पिशवीत डोकावलं आणि कपाळाला हात लावला. "बाई, पोलिसांनी धरलं असतं तर बिटांसकट आत गेला असतात!"

मग खोलीला कडी घालून त्यांनी वर्तमानपत्रावर पिस्तूल सुटं केलं. भिंग लावून एकेक तुकडा फिरवत होते आणि स्वतःशीच पुटपुटत होते. मी विचारलं, "जर्मनच ना?"

"घडवलं आपल्याच कारखान्यात, जर्मन सैन्यासाठी. ही अक्षरं त्यांचीच. पण शेवटच्या तपासणीत त्यांचा माणूस गरुडाचा बारीक शिक्का मारायचा, मग नंबर पडायचा. हौशी लोक आधी तेच शोधतात. इथे शिक्का नाही, नंबरही नाही. आणि ही नळी बघा."

मला काय कळणार? नळीसारखी नळी.

"नळ्या ते मुद्दाम ऑस्ट्रियात करवून घेत. आपल्या कामगाराच्या हाती पुरं पिस्तूल लागू नये म्हणून. ही नळी तिकडची नाही. कुणीतरी लहानशा लेथवर कातून कानशीनं घासली आहे."

दादा, मग मी तुझा प्रश्न विचारला. "जर्मनांनी कुणाला बक्षीस म्हणून दिलं असेल का हो?"

त्यांनी चष्मा काढला. "असलं पिस्तूल? बाई, हे ज्याच्या घरात सापडलं असतं, त्याला त्यांनी त्याच संध्याकाळी टांगला असता."

किंमतही सांगितली. अर्धवट जाणकार म्हणेल, शिक्का नाही, नळी घरगुती, भंगार आहे. पुरा जाणकार एका छोट्या फियाटचे पैसे मोजेल, आणि चोरूनच मोजेल, कारण कायद्याने आपल्याला ते ठेवताही येत नाही आणि विकताही येत नाही. पोलिसांत रीतसर नोंद करून संग्रहालयात राहू शकतं. "कुणाच्या नावानं ठेवायचं, तेवढं घरी विचारून या," म्हणाले.

बाबा खिडकीशी बसले होते, गुडघ्यांवर घोंगडी. सूप तसंच निवलं होतं. लासोतांनी काय काय पाहिलं ते सांगितलं आणि सरळच विचारलं, "बाबा, नळी कुणी केली?"

घोंगडी सारखी करत म्हणाले, "लासोताची नजर चांगली आहे."

"बाबा!"

"आमच्याच कारखान्यातल्या इग्नात्सीनं. सायकलवाल्याच्या मागच्या खोलीत. मी जेवणाच्या डब्यातून भाग आणायचो, तो जुळवायचा. हे पहिलंच पुरं झालेलं. जंगलात लपून लढणाऱ्या पोरांना पोचवायचं होतं, तर मला टायफस झाला. शुद्धीवर आलो तेव्हा इग्नात्सी फाटकासमोर लटकत होता."

"मग हे कुणाला सांगितलं का नाही?"

"आधी जर्मन होते. मग आपलं सरकार आलं, तेव्हाही घरात पिस्तूल म्हणजे तुरुंग. आणि इग्नात्सीच्या पेलागियाला कुठल्या तोंडानं सांगू, की तुझा नवरा गेला आणि मी ताप आला म्हणून वाचलो?"

"दादाला तरी सांगायचं."

"त्यानं कधी विचारलंच नाही गं. मी वाट बघत होतो."

पिस्तुलाला नाव इग्नात्सीचं द्यायचं, पण पेलागियाबाईंना विचारल्याशिवाय नाही, असं त्यांनी बजावलं. म्हणून मी समोरच्या इमारतीत गेले. आपल्याला पाहिलं की रस्ता ओलांडणाऱ्या त्याच पेलागियाबाई. दाराची साखळी न काढता त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दार लावलं. मला वाटलं, झालं. तर थोड्या वेळानं ओव्हरकोट चढवून बाहेर आल्या.

बाबांसमोर बसल्या. "वालेंती, हाडंच उरलीत की तुझी."

"तूही काही नवरी दिसत नाहीस."

"ताप होता, हे तेव्हाच सांगायचंस."

"विश्वास ठेवला असतास?"

त्यांनी खरोखर विचार केला. "नाही. थुंकले असते तुझ्यावर."

"थुंकलीसच की."

दोघंही हसले, दादा. मी चहाचं निमित्त करून स्वयंपाकघरात गेले. परत आले तेव्हा त्या म्हणत होत्या, "एकावन्न वर्षं मी समजत होते, माझा माणूस कशात नव्हताच. उगाच उचलला, उगाच गेला."

"उगाच नाही," बाबा म्हणाले. "सगळ्यांत पुढे तोच होता."

पेलागियाबाई ताठ बसल्या. डोळे पुसले नाहीत, चहा मात्र सगळा प्यायल्या. जाताना म्हणाल्या, संग्रहालयातच ठेवा, आणि नाव दोघांचं लावा. बाबा नको नको म्हणत होते. त्यांनी ऐकलं नाही. आता रोज येतात. बाबांशी भांडतात, पत्ते खेळताना लबाडी करतात.

बाबांनी मला ताकीद दिली आहे, तब्येतीबद्दल झेनोनला एक अक्षर लिहायचं नाही. "आजारी बापाला बघायला माणूस कर्तव्य म्हणून येतो. त्याला यायचं तर मला भेटायला येऊ दे." म्हणून मी काही लिहीत नाही. डॉक्टर काय म्हणाले तेही नाही. एवढंच लिहिते, की यायचं म्हटलं की तू 'बघू, उन्हाळ्यात' म्हणतोस. दादा, उन्हाळ्याची वाट बघू नकोस. बर्फ पडायच्या आत ये.

आम्हा दोघांकडून, अजून तरी दोघांकडून,
तुझी लुत्सिना