त्यांच्या नावाचा पासवर्ड

मंगळवार, दिवेलागण

सकाळी सांगोल्याहून धाकट्या दिरांचा फोन. "वहिनी, तुमी कसली लिंक धाडली की ओ सगळ्यांना?" मी काहीच धाडलं नव्हतं. माझ्या मेलमध्ये कुणीतरी शिरलं होतं.

पुण्याची लेक फोनवर चिडलीच. "आई, पासवर्ड बाबांचं नाव? दारावरच्या पाटीवर आहे ते! आत्ताच्या आत्ता बदल. कॉम्प्युटरचाही."

तिचं बरोबरच आहे. पण तिला कसं सांगू? हे होते तेव्हा मी यांचं नाव फक्त उखाण्यात घेतलं. आता मला उखाणा कोण घ्यायला सांगतंय? रोज संध्याकाळी वाचायला कॉम्प्युटर उघडताना बोटांनी तेवढं नाव घ्यायचे. पडद्यावर नुसते ठिपके उमटायचे, कुणाला दिसायचं नाही.

ती सांगेल तशी अक्षरं, आकडे, चिन्हं दाबत गेले. "आता काळजी नाही," म्हणाली. दुसरं काय करणार होते मी?

आत्ता वाचायला बसले, तर बोटं सवयीने त्याच नावावर. ठिपके उमटले. चुकीचा पासवर्ड. पुन्हा घेतलं. पुन्हा तेच.

मग तोंडाने घेतलं, मोठ्याने. घरात कुणीच नव्हतं.