आत्याबाई, तुमच्या माहेरावरून होडी नेली

प्रिय आत्याबाई,

आज दंड इतके भरून आलेत की कणीक मळता येईना. शेवटी पोळ्या विकत आणल्या. तुम्ही असता तर म्हणाला असता, घरात धडधाकट सून असून पोळ्या विकतच्या? पण जरा थांबा, रागावण्याआधी ऐकून घ्या. काल मी होडी चालवली. खरंच सांगते, मी! जायकवाडीच्या पाण्यात, अंगात फुगीर नारिंगी जाकीट घालून, या वयात.

पण पत्र काही तेवढ्यासाठी लिहीत नाही. होडीची गोष्ट सकाळपासून कामवालीला, शेजारणीला आणि दूधवाल्यालासुद्धा सांगून झाली. तुम्हाला लिहायचं कारण वेगळंच आहे. तीस-बत्तीस वर्षं मी तुमच्या हाताखाली सून म्हणून राहिले, तुमच्या आजारपणात रात्रंदिवस उशाशी बसले, आणि काल मला कळलं की मला तुमचं नाव माहीत नव्हतं. माझं जाऊ द्या, मी परक्याची लेक. तुमच्या पोटच्या लेकालाही माहीत नव्हतं!

झालं असं की तुमच्या लाडक्या नातीनं, पल्लवीनं, पुण्यात बसून मोबाईलवर काहीतरी पाहिलं. पैठणच्या अलीकडं, धरणाच्या पाण्यात सकाळी सकाळी कयाकमधून फिरवून आणतात म्हणे. कयाक म्हणजे लांबुडकी, अरुंद होडी. दोघं एकामागं एक बसतात आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं मारतात. माझ्या वाढदिवसाची भेट म्हणून तिनं आमच्या दोघांच्या जागा धरल्या. मी नको नको म्हणत होते. तर म्हणाली, "आई, आजीचं गाव तिथंच पाण्याखाली आहे ना? मग बघून तरी ये." मग मी तयार झाले.

"माझं माहेर पाण्यात गेलं." किती वेळा ऐकलं असेल तुमच्या तोंडून! दूध नासलं म्हणावं तशा आवाजात सांगायचा आणि लगेच विषय बदलायचा. धरण भरलं तेव्हा तुम्ही फुलंब्रीला नांदत होता, तुमचे हे धाकटे चिरंजीव दोन-तीन वर्षांचे होते. गाव उठलं, नवीन जागी वसलं, तुमचे भाऊ, भीमराव मामा, दुसऱ्याच तालुक्यात गेले. तुम्ही एकदाही तिकडं फिरकला नाहीत. पैठणला नाथांच्या दर्शनाला गेलो तरी धरणाकडं पाठ करून बसायचा. आणि पाण्याचं भय तर काय सांगावं! हर्सूलच्या तलावावर भेळ खायला गेलो तरी पल्लवीचा फ्रॉक मुठीत धरून ठेवायचा. तिला पोहायला शिकायचं होतं, तेव्हा दोन दिवस जेवला नाहीत. आठवतं ना?

तर काल पहाटे निघालो. चितेगावच्या पुढं कंपन्यांच्या बसगाड्या चुकवत तुमचे चिरंजीव गाडी चालवत होते आणि मांडीवर धपाट्यांचा डबा घेऊन मी शेजारी. नेसले होते ती चांगली हिरवी साडी. सासूच्या माहेरी पहिल्यांदा जायचं तर रिकाम्या हातानं कसं जायचं, आणि पँट घालून तरी कसं जायचं?

पाण्याच्या काठावर एक बाई उभी होती. पस्तिशीची, उन्हानं रापलेली, डोक्याला टोपी. हिचं नाव जयश्री, हीच आम्हाला फिरवून आणणार होती. तिनं माझ्याकडं वरून खाली बघितलं आणि म्हणाली, "वैनी, साडी भिजली की लई जड व्हती. माज्याकडं सलवार हाय, ती घाला." तिच्या खोलीत जाऊन मी तिची जांभळी सलवार चढवली. बाहेर आले तर चिरंजीव तोंड फिरवून हसत होते. मग स्वतःची पाळी आली तेव्हा त्यांना रक्तदाब आठवला. कुणीतरी चपला आणि डबा सांभाळायला हवा, असं म्हणून ते बाभळीखाली जे बसले ते बसले. तुमचाच मुलगा, मी काय बोलू? त्यांच्या जागी जयश्री माझ्या मागं बसली.

पहिली दहा मिनिटं मी होडी नुसती गरागरा फिरवली. दुसऱ्या कयाकमध्ये चितेगावच्या कंपनीतली दोन पोरं होती, ती आम्हाला बघून खिदळत होती. जयश्री शांतपणे सांगत राहिली, पाण्याला मारू नका, नुसतं मागं सारा. मग एकदम जमलं. कसं ते मला अजून कळलं नाही. होडी सुळकन पुढं गेली आणि मी मोठ्यानं हसले.

खोटं कशाला बोलू, इतका आनंद झाला की थोडी लाज वाटली. खाली तुमचं माहेर बुडालेलं आणि वर मी मजा करतेय! पण काय सकाळ होती! पाणी गुळगुळीत. लांबवर रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग. चक्रवाकं काठाकाठानं ओरडत होती. कुठं फोन नाही, कुकरची शिट्टी नाही, कुणाच्या गोळ्यांची वेळ नाही. किती वर्षांत मी अशी नुसती बसले नव्हते.

जयश्री त्याच गावची निघाली, म्हणजे नव्या गावची. तिचा जन्म गाव उठल्यानंतरचा. तिला मी सांगितलं की माझ्या सासूचं माहेर हेच, मला ते गाव जिथं होतं तिथवर जायचंय. ती म्हणाली, सगळ्यांना तिथवर नेत नाही, लांब पडतं आणि ऊन चढलं की वारा सुटतो. पण गावच्या लेकीची सून आहे म्हटल्यावर तिनं त्या दोन पोरांना रोहित पक्ष्यांपाशी फोटो काढत थांबायला सांगितलं, मागून होडीत येणाऱ्या आपल्या भावाला त्यांच्यावर लक्ष ठेवायला लावलं आणि आमची होडी वळवली.

बराच वेळ गेला. मग पाण्यातून वर आलेला एक वाळका बुंधा दिसला, त्यावर एक पाणकावळा पंख पसरून बसला होता. तिथं जयश्रीनं वल्हं आडवं मांडीवर घेतलं. म्हणाली, आता आपण वेशीच्या आत आलो. मी खाली वाकून बघितलं. हिरवं, गढूळ पाणी. दुसरं काही नाही. तरी माझे हात आपोआप जोडले गेले.

मग तिनं सांगितलं की त्यांच्या गावाची एक रीत आहे. इथून जाताना आपलं जे माणूस या गावचं होतं, त्याच्या नावानं हाळी द्यायची. मासे धरायला जाणारेसुद्धा देतात. लेक असेल तर हमखास द्यायची, घराला कळलं पाहिजे की लेक आली.

मी छाती भरून ओरडले, "अन्नपूर्णाबाईऽऽ!"

पाणकावळा उडाला. पाठीमागून जयश्रीचा आवाज आला, "वैनी, ही कोण? आमच्या गावात अन्नपूर्णा कुणी नव्हती. हे सासरचं नाव आसंल. म्हायेरचं नाव सांगा."

माहेरचं नाव! मामा यायचे ते तुम्हाला आक्का म्हणायचे. सासरे होते तोवर 'अगं' म्हणायचे म्हणे, तेही क्वचित. रेशन कार्डावर अन्नपूर्णा, बँकेत अन्नपूर्णा, दवाखान्यातल्या पलंगावर अन्नपूर्णा. दशक्रियेला भटजींनी नाव विचारलं तेव्हाही आम्ही ठणकावून तेच सांगितलं. लग्नात तांदळात लिहिलेल्या नावाआधी तुम्हाला दुसरं नाव असणार, हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नाही. काय सांगू आत्याबाई, तुमच्या दारात उभी होते आणि कुणाकडं आले ते मला सांगता येत नव्हतं.

तेवढ्यात वारा सुटला. पाण्यावर बारीक लाटा उठल्या. जयश्री म्हणाली, परतायला पाहिजे. मी वल्हं मारत राहिले. आता हसू येत नव्हतं.

काठावर तुमचे चिरंजीव धपाटे खात बसले होते, तुमच्या माहेरी न्यायला केलेले! मी उतरल्या उतरल्या विचारलं, आईंचं माहेरचं नाव काय? ते म्हणाले, "आई." मग घास तोंडातच राहिला. विचार करून करून त्यांचा चेहरा उतरला. थोरल्या जाऊबाईंना फोन लावला, त्यांनाही ठाऊक नाही. ज्यांना ठाऊक असेल ती सगळी माणसं तुमच्या आधीच गेलेली.

जयश्रीनं होडी ओढून ठेवली आणि म्हणाली, चला घरी, आज्जी आहे. नवीन गाव तिथून जवळच. आज्जी ओसरीवर हरभऱ्याचे घाटे सोलत बसली होती. कानानं थोडी कमी, बाकी खणखणीत. यांनी तिच्या कानाशी वाकून सांगितलं की मी भीमराव मामांचा भाचा, त्यांच्या थोरल्या बहिणीचा मुलगा. म्हातारीचे हात थांबले.

"भिमाची थोरली? मंग तू छबूचा व्हय रं? काहिलीतल्या छबूचा?"

छबू! आत्याबाई, तुम्ही छबू होता! ज्यांच्या खाकरण्यानं चार सुना पदर सावरायच्या, त्या तुम्ही छबू! मी यांच्याकडं बघितलं, यांनी माझ्याकडं बघितलं. आधी आम्हाला हसू फुटलं. मग हे हसता हसता रडायलाच लागले. तुम्हाला अग्नी देताना ज्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही, तो तुमचा मुलगा परक्या ओसरीवर बसून लहान पोरासारखा रडला आणि पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, "छबू."

मग आज्जीनं सगळं सांगितलं. गुऱ्हाळ संपलं की गूळ शिजवायची मोठी काहिल नदीकाठी पडून असायची. तुम्ही ती पाण्यात लोटायचा, आत बसायचा आणि फळकुटानं वल्हवत गोदावरी पार करायचा. कशासाठी, तर पलीकडच्या वाळूतली दुसऱ्याची टरबुजं आणायला! एकदा तुमच्या आईनं तुम्हाला खांबाला बांधून ठेवलं, तर संध्याकाळी तुम्ही पलीकडच्या काठावर. आणि गावातल्या समद्या पोरींना पोहायला शिकवलं ते तुम्ही. आज्जीलासुद्धा!

आता बोला! माझ्या लेकीचा पोहण्याचा क्लास तुम्ही बंद पाडलात! इतकी वर्षं मला वाटायचं, तुम्ही पाण्याला भिता. तसं काहीच नव्हतं. तुम्ही पाण्यावर रुसला होता. ज्या नदीच्या जिवावर एवढी दांडगाई केली, तिनंच घर गिळलं, तर रुसणार नाही तर काय करणार? एका शब्दानं तरी बोलायचं होतं ना. मी समजूत घातली नसती, पण शेजारी बसून राहिले असते.

मग आज्जीनं विचारलं, छबू कशी आहे? हे अजून डोळे पुसत होते. मीच सांगितलं की दिवाळीनंतर गेल्या. म्हातारीनं पुढ्यातले घाटे बाजूला सारले. "मला कुणी सांगावा नाय धाडला," एवढंच म्हणाली. मग जयश्रीच्या हाताला धरून उठली, मोरीत गेली आणि डोक्यावरून पाणी घेऊन आली. गावची बहीण गेली म्हणून. अन्नपूर्णाबाईंचं सुतक आम्ही रीतसर पाळलं होतं. छबूची अंघोळ काल झाली. ओल्या केसांनीच तिनं आम्हाला गूळ घातलेला चहा पाजला आणि उरलेले धपाटे आवडीनं खाल्ले. म्हणजे डबा शेवटी योग्य घरी पोचला.

परत येताना गाडीत मला माझ्या लग्नातली एक गोष्ट आठवली. तुम्हाला कधी बोलले नाही, पण माझ्या मनात तिची अढी होती. तांदळाचं ताट समोर आलं, यांनी अंगठी हातात घेतली. 'अश्विनी' असं नाव लिहायचं आमच्यात आधीच ठरलं होतं. मला किती आवडलं होतं ते! आणि तुम्ही भरल्या मांडवात ताट बाजूला सारलंत. म्हणालात, "तिचं हाय तेच ऱ्हाऊ द्या." तिन्ही जावांना छान छान नवी नावं मिळाली आणि मी आपली गावंढळ आशामतीच राहिले. मला वाटलं, नवीन नावाचीसुद्धा हिची लायकी नाही, असंच तुमच्या मनात असणार. कितीतरी वर्षं वाटत होतं.

आता कळलं, आत्याबाई. तिन्ही थोरल्या सुनांच्या वेळी सासऱ्यांपुढं तुमचं काही चाललं नसेल. माझ्या वेळी ते नव्हते. तेव्हा पहिल्यांदा तुमच्या हातात होतं आणि तुम्ही माझं नाव वाचवलंत.

आता माझं वचन ऐका. येत्या रविवारी आम्ही पुन्हा जाणार आहोत. पल्लवी पुण्याहून येतेय आणि येताना पोहण्याच्या क्लासला नाव घालून येतेय, तेव्हा आता उपास धरू नका. तुमचे चिरंजीव रक्तदाबाची गोळी घेऊन होडीत पुढं बसतील, मी मागं. त्या बुंध्यापाशी वल्हं थांबवू आणि तुमचा मुलगा तुम्हाला तुमच्या नावानं हाक मारील. मी जिवंत आहे तोवर दर वर्षी या घरातलं कुणीतरी तिथं जाऊन ही हाक मारील. तुम्ही फक्त ओ द्या.

तुमची धाकटी सून,
माहेरीही आशामती आणि तुमच्यामुळं सासरीही
आशामती