हालायच्या रांगेतली भावाची जागा

चि. सौ. कां. गुलिझार हिस अंकाराहून थोरल्या भावाचे अपराधी आशीर्वाद.

तुझ्या लग्नाच्या दिवशीच आमच्या नृत्यमंडळाचा प्रयोग आला आहे. संथ आरंभापासून द्रुत अंतापर्यंत हातात हात गुंफून रांगेने नाचायचा पूर्वजांचा हालाय मी प्रतिष्ठित प्रेक्षकांना विशद करणार, आणि सख्ख्या बहिणीच्या लग्नात रांगेच्या अग्रभागी रुमाल फिरवणारा भाऊच अनुपस्थित राहणार. आई फोनवर म्हणाली, "परक्यांना नाचून दाखव हो बाळा. इथे रेम्झीमामा आहेत."

आईचे गुडघे कसे आहेत? मामा आरंभीच धावत सुटतात, म्हणून रुमाल तूच घे आणि आईला शेजारी धर. नाचता नाचता तिने माझी चौकशी केलीच, तर ढोलवाल्याला जोरात वाजवायला सांग.

तुझा कलानिपुण परंतु निरुपयोगी बंधू,
जलाल