प्रज्ञाचा ज्ञ

४ फेब्रु. २००८, सोम.
ब्लॉगचा काउंटर ११. त्यातले नऊ माझेच. उरलेल्या दोघांतला एक तरी चुकून आलेला असणार.
दीड वर्ष लिहितोय. प्रेसमध्ये रोज जे छळतं तेच लिहितो : जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं पडद्यावर मराठी दिसतं, आत मात्र नुसती चिन्हांची खिचडी. सर्चला त्यातला एक शब्द सापडत नाही. माझा प्रोग्राम त्या खिचडीचं युनिकोड करतो, म्हणजे सर्चला सापडणारं मराठी. एवढं कामाचं, पण काळं कुत्रं फिरकत नाही.
वसंतशेठ (आमचे मालक, कॉम्प्युटरला हात लावत नाहीत) म्हणाले, "अरे मिलिंद, नमुना दाखव ना. लग्नाच्या कार्डाचा नमुना बघितल्याबिगर गिऱ्हाईक टेकतं का?"
पटलं.

६ फेब्रु., बुध.
नमुना टाकला. ज्ञ, प्र, रफार, पहिली वेलांटी, सगळ्या खोड्या एकाच कागदात हव्या होत्या. आबांनी (वडिलांनी) गेल्या महिन्यात माझ्याकडून धाकट्या बहिणीचा, प्रज्ञाचा, लग्नासाठीचा बायोडेटा टाइप करून घेतला होता. तोच आख्खा चिकटवला. वर जुना फॉन्ट, खाली माझं युनिकोड. 'प्रज्ञा'तला ज्ञ पहिल्या फटक्यात आला!! किती महिने डोकं खाल्लं होतं त्याने.
बायोडेटाचं प्रज्ञाला माहीत नाही. "तिला एवढ्यात नको सांगू, परत भडकंल," आबा म्हणाले होते. पहिलं लग्न आठ महिन्यांत मोडलं, तेव्हापासून तो विषय काढला की ती ताटावरून उठते.
असो. ब्लॉग वाचतंय कोण!

१९ फेब्रु., मंगळ.
काउंटर ४१२. डोळे चोळले, पान बंद करून परत उघडलं. ४१५! फॉन्टच्या भानगडीत रस असलेली एवढी माणसं आहेत?
शिवाय एक प्रतिक्रिया. पुण्याचा केतन, प्रोग्रामर. "ज्ञ-चा तोडगा झकास. तुमचा नमुना मजकूर माझ्या कन्व्हर्टरच्या चाचणीला घेतला आहे, श्रेय तुमच्याच नावाने दिलं आहे." पहिला खरा वाचक. तीन वेळा वाचली. वसंतशेठना पेढा दिला. त्यांना काही कळलं नाही, पण पेढा खाल्ला.

२३ फेब्रु., शनि.
दुपारी जेवताना घरचा फोन वाजला. प्रज्ञा किन्हवलीच्या शाळेत शिकवते; शनिवारची अर्धी शाळा करून नुकतीच आली होती, तिनेच उचलला. मुरबाडची कुणी बाई. "ती बीएड झालेली, घटस्फोटित, तुमचीच मुलगी ना? आमच्या भावासाठी इचारत होते." प्रज्ञा म्हणाली, राँग नंबर. तर बाईने तिचं नाव, शाळा, उंची सगळं घडाघडा सांगितलं.
प्रज्ञाने फोन ठेवून मला विचारलं, "दादा, हिला माझी उंची कुठनं म्हाईत?"
मी म्हणालो, मला काय ठाऊक. खरंच काही लक्षात येत नाही. आबांनी मान वर केली नाही.

२५ फेब्रु., सोम.
आलं लक्षात. लोक काय शोधत ब्लॉगवर आले, त्याची यादी आज उघडली. 'बौद्ध वधू ठाणे'. 'घटस्फोटित वधू कल्याण'. 'बीएड वधू नोकरी'. आणि प्रज्ञाचं पूर्ण नाव, पुढे 'किन्हवली'. हे सहा वेळा.
चारशेत ज्ञ-साठी आलेला एक केतन. बाकी सगळे माझ्या बहिणीचा बायोडेटा वाचायला आलेले. खिचडीत होती तोवर ती कुणाला सापडत नव्हती. सापडेल अशी मी केली!
पान उडवलं. सर्चमध्ये जुनी प्रत अजून दिसतेच आहे. दर अर्ध्या तासाने बघतोय.

२६ फेब्रु., मंगळ.
शाळेत झालंच. स्टाफरूममध्ये एक बाई सगळ्यांदेखत, "मॅडम, तुमचं आधी लग्न झालेलं, कधी बोलला नाय!" प्रज्ञाने तिथे कुणालाच सांगितलं नव्हतं. मुद्दाम नव्या गावातली शाळा घेतली होती ती त्यासाठीच.
घरी येऊन सरळ मला विचारलं. मी सगळं सांगितलं. वाटलं ओरडेल. नाही ओरडली.
"आबा जुने हायेत. तू टाइप केलंस ना? येकदा तरी वाटलं नाय, हिला इचारावं?"
"मी नुसती अक्षरं बघत होतो गो."
तोंडातून गेलं आणि माझीच मला शिसारी आली. आबा चपला घालून बाहेर गेले.

२८ फेब्रु., गुरु.
प्रज्ञा माझ्याशी बोलत नाही. डबा घेऊन वेळेवर शाळेत जाते, वेळेवर येते. आबा म्हणाले, "चार दिवसांत इसरतील लोकं." केतनला लिहिलं, नमुना कृपया काढा. कारण लिहिलं नाही, लाज वाटली.

२ मार्च, रवि.
प्रेस बंद, म्हणून सायबर कॅफेत निघालो तर प्रज्ञा म्हणाली, "मी पण येते." चार दिवसांतलं पहिलं वाक्य.
केतनचं उत्तर होतं. "माझ्याकडचा काढतो. पण तिघांनी माझा कन्व्हर्टर नमुन्यासकट उतरवून घेतला आहे, त्यांचं सांगता येत नाही. एक विचारू? ही खरी व्यक्ती आहे का? मला वाटलं, तुम्ही रचलेला मजकूर."
ती शेजारी बसून वाचत होती. टाइप केलं : 'खरी आहे. माझी बहीण. त्या तिघांनाही कृपया कळवा.' बाण पाठवाच्या बटणावर नेला.
"आता हे तरी मला इचारून धाडतोयस का?"
हात थांबला. धक्का बसला तो याचा, की आत्तासुद्धा सुचलं नव्हतं.
"धाडू?" विचारलं.
ती 'माझी बहीण' पुन्हा पुन्हा वाचत होती. सायबरवाल्याने टाइम संपला म्हणून हाक मारली. ती हो म्हणाली नव्हती, म्हणून पत्र मसुद्यातच ठेवून दोघं घरी आलो.