जाळीवरची चुनरी

मंगळवार, लासूर स्टेशन

आज मी धाकट्या भावाला पान्यानं मारलं. एकदा नाही, दोनदा.

देवीच्या गडावरून परतताना इंजिन चौथ्यांदा तापलं. काटा लाल रेघेवर, बॉनेटखालून वाफ. गाडी कडेला घेतली. पाणी भरलेलं होतं, पट्टा शाबूत होता, पंखाही फिरत होता. मग दत्ता म्हणाला, "दादा, पुढची चुनरी सोडू का? जाळी झाकलीय, वारा आत जाईना."

ती चुनरी गडावर मी बांधली होती, देवीचं नाव घेत, दुहेरी घडी करून. देवीला दोष देतो का, म्हणालो. तो हसला. "देवीला नाय, तुझ्या गाठीला."

पहिला घाव कपाळावर बसला. तो मटकन खाली बसला, रक्त डोळ्यात उतरलं. मग दुसरा, कानामागं. पहिला रागाचा होता. दुसरा कशाचा? त्यानं तर हातही वर केला नव्हता.

थांबत थांबत इथवर आलो. गॅरेजच्या मिस्त्रीनं आधी चुनरीच सोडली. "काका, गाडीला शालू नेसवला व्हय? लई गुदमरली बिचारी." मग अर्धा तास इंजिन चालू ठेवलं. काटा वर गेला नाही.

दवाखान्यात टाके घालताना दत्तानंच सांगितलं, बॉनेट डोक्यात पडलं. डॉक्टरांनी कानामागची जखम पाहिली, मग माझ्याकडं पाहिलं.

"दोनदा पडलं का?"

मी म्हणालो, "व्हय."